सहाव्या मजल्यावरचं शून्य

माणसं मोजायचं काम मला सोडून दुसऱ्या कुणाला दिलं असतं, तर मी ते मनाला लावून घेतलं असतं, हे आधीच सांगून टाकतो. मी सांख्यिकी कार्यालयात आहे. दिवसभर आकड्यांच्या रकान्यांत मान घालून बसतो, आणि ही गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती सगळ्यांना मीच सांगितली आहे. शिवाय गेल्या वर्षी संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी जावास्क्रिप्ट शिकलो. पन्नाशी उलटलेला माणूस कॉम्प्युटरची भाषा शिकून येतो तेव्हा घरात थोडं कौतुक व्हायला हरकत नसते. बायकोने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "लॅमिनेट केलंत ते बरं झालं. डाग पडला तर पुसता येईल."

प्रकरण सुरू झालं लिफ्टवरून. लिफ्टचा परवाना संपला आणि लिफ्ट खात्याचा माणूस येऊन दाराला सील ठोकून गेला. परवाना हवा असेल तर आधी अग्निशमन दलाचा दाखला आणा म्हणाला. अग्निशमन अधिकारी आले, सगळं पाहिलं, आणि म्हणाले, "आग लागली तर आत किती माणसं आहेत हे माझ्या माणसांना दारातच कळलं पाहिजे. तुमच्याकडे काय सोय आहे?"

"वॉचमन सांगेल की," आमचे चेअरमन म्हणाले.

अधिकाऱ्यांनी वॉचमनला विचारलं, आत्ता आत किती माणसं आहेत? वॉचमनने इमारतीकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आहेत बरीच."

दाखला तिथेच अडकला. आमची इमारत सहा मजली, मी पाचव्यावर राहतो. त्या आठवड्यात जिना चढता-उतरता इमारतीतल्या प्रत्येक गुडघ्याने माझ्यापाशी गाऱ्हाणं मांडलं असेल. शेवटी सभा बोलावली. समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाला बिल्ला द्या, बाहेर जाताना खिळ्याला अडकवायचा. चेअरमन म्हणाले, बिल्ले हरवतात, त्यापेक्षा दारात वही ठेवू. मी हात वर केला. अशा वेळी हात सावकाश वर करावा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष जातं.

माझी योजना सोपी होती. सगळ्यांच्या फोनवर, बाहेरगावी असलेल्यांच्यासुद्धा, मी एक पान पाठवणार, ते प्रत्येक घराने उघडायचं, त्यातल्या चौकोनात घरात आत्ता किती माणसं आहेत ते लिहायचं. कुणी बाहेर गेलं, आलं, की आकडा बदलायचा. माझा प्रोग्रॅम मजल्यामजल्याची आणि सगळ्या इमारतीची बेरीज करणार आणि खाली दारातल्या बोर्डावर दाखवणार. बोर्ड म्हणजे चेअरमनसाहेबांचा जुना टीव्ही. त्याच्या एका कोपऱ्यात कायमचा हिरवा डाग होता, पण आकड्याला त्याचा त्रास नव्हता.

पहिले काही दिवस मी सुखात होतो. ऑफिसला निघताना आमच्या घरचे दोनाचे एक करायचो आणि खाली बोर्डासमोर उभा राहायचो. माझ्यामुळे इमारतीतला एक माणूस कमी झालेला मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचा. दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं, ज्या मजल्यावर कुणीच नाही तिथे पॅसेजमध्ये दिवा कशाला जळायला हवा? मी तेही जोडून टाकलं. मजल्याची बेरीज शून्य झाली की तिथला दिवा आपोआप बंद. सहाव्या मजल्यावर एकच फ्लॅट आहे, बाकी गच्ची. तिथल्या बाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेलेल्या होत्या, घराला कुलूप होतं, त्यामुळे तो मजला पहिल्या दिवसापासून काळोखात गेला. त्या काळोखाचा मला अभिमान वाटायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मान वर करून तो दाखवायचो.

मग एका सकाळी खाली उतरलो तर बोर्डावर आकडा नव्हता. "इमारतीत आत्ता माणसे" या माझ्या सुबक ओळीपुढे तीन इंग्रजी अक्षरं होती. एन, ए, एन.

चेअरमन बोर्डासमोर हाताची घडी घालून उभे होते. "हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण म्हणजे?"

"आद्याक्षरं आहेत ना ही? आपल्याकडे अशा आद्याक्षरांचं कुणी राहत नाही." ते जरा जवळ सरकले. "तळमजल्यावर पूर्वी एक गृहस्थ होते. आडनाव न वरून होतं. वारले ते."

मी हसलो, पण हसू पुरतं आलं नाही. मी टीव्ही बंद करून चालू केला. तीन अक्षरं पुन्हा आली. दातांचे डॉक्टर येऊन म्हणाले, वरून काही करू नका, कीड मुळात असते. ते बोलले ते बरोबर होतं, पण सकाळी सकाळी ऐकायला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी मी क्लासचं पुस्तक काढून बसलो आणि वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. जे आकड्यात बसत नाही अशा एखाद्या गोष्टीचा आकडा करायला सांगितला, की जावास्क्रिप्ट त्या जागी ही तीन अक्षरं ठेवते. 'नॉट अ नंबर', अर्थ एवढाच, की हा आकडा नव्हे. पण त्याची जात विचारा, यंत्र बिनदिक्कत सांगतं, आकडा. तो शून्यापेक्षा मोठा नसतो, लहान नसतो, आणि शून्याइतकाही नसतो. बेरजेत एकदा शिरला की अख्खी बेरीज त्याच्यासारखी होते, बाकीची शंभर माणसं धडधाकट असली तरी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो स्वतःशीसुद्धा जुळत नाही. तू तूच आहेस का, असं विचारलं तर उत्तर येतं, नाही. मी पुस्तक मिटलं आणि उगाच उठून आरशात पाहून आलो. बायको म्हणाली, "केस विंचरा हवं तर, पण कुठे जायचंय आत्ता?"

क्लासच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "अहो काका, सोपं आहे. प्रत्येक किंमत तपासा. जी स्वतःशी जुळत नाही ती तुमची गुन्हेगार. तिच्या जागी शून्य घाला आणि पुढे चला."

मी तपासलं. गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. सहावा मजला. बाईंचा बंद फ्लॅट. मला केवढं हायसं वाटलं! बंद घर, आत कोणी नाही, त्यामुळे चौकोनात काहीतरी अर्धवट राहिलं असणार. आणि रिकाम्या घराची योग्य किंमत शून्यच. मी ती ओळ लिहिली. तीन अक्षरं गेली, दोन आकडे आले. चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. चौकोनात नेमकं काय होतं ते मी उघडून पाहिलं नाही. कशाला पाहायचं? उत्तर तर बरोबर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि चहाचा कप तोंडाला लावला, तेव्हा आमच्या डोक्यावर आवाज झाला.

टक. टक टक. टकटकटक. ठिंग.

मी कप खाली ठेवला. आमच्या डोक्यावर त्या एका फ्लॅटखेरीज काही नाही. पुन्हा टकटक, पुन्हा ठिंग, आणि मग काहीतरी जड घसरत परत जागेवर आल्यासारखा आवाज.

"वरून येतंय," बायको म्हणाली.

"वर कोणी नाही."

"अहो, ऐकू येतंय की."

मी खाली जाऊन बोर्ड पाहून आलो. हो, पाच मजले उतरून आणि पाच मजले चढून. सहावा मजला, शून्य. तसं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही वर एक मजला चढला असतात तर आठ जिने वाचले असते." बायकांना शास्त्रीय पद्धत समजावून सांगणं अवघड असतं.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. चेअरमन म्हणाले, पाइपात हवा धरली असेल. दातांचे डॉक्टर म्हणाले, उंदीर. मी विचारलं, उंदीर टाइपरायटरसारखी ओळ संपली की घंटा वाजवतो का? कचरा नेणाऱ्या बाई तर सहाव्या मजल्यावर जाईचनात. त्यांनी सांगितलं, "बोर्डावर शून्य, वर मिट्ट काळोख, आणि दारात कचऱ्याची पिशवी. रोज एक. नवीन. मी नाही जात तिथं."

अग्निशमन अधिकारी पुन्हा तपासायला येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो. कुणी पाठवलं म्हणून नव्हे. प्रोग्रॅम माझा होता आणि त्या आवाजाने माझ्या शून्याची इज्जत जात होती. पाचव्या मजल्यापर्यंत दिवे होते. पुढच्या वळणावर उजेड मागे राहिला. पॅसेज मीच काळा केलेला होता, माझ्याच एका ओळीने, तरी त्यात पाय टाकताना छाती धडधडत होती. दाराखालून पिवळ्या उजेडाची बारीक रेघ येत होती. आत टकटक चालली होती, एका लयीत, सवयीची बोटं चालतात तशी.

मी दारावर टिचकी मारली.

टकटक थांबली. ओळीच्या मध्येच थांबली. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं मला वाटलं, आणि इकडे मीही रोखून उभा होतो. मग अगदी दाराच्या पलीकडे, माझ्यापासून वीतभर अंतरावर, सावकाश कडी सरकली. दार उघडायला नव्हे. लावायला.

मी पाचव्या मजल्यावर कसा आलो ते मला आठवत नाही.

"आतून कडी लागली म्हणजे आत माणूस आहे," बायको म्हणाली. "बाई परत आल्या असतील."

"आल्या असत्या तर त्यांनी आकडा लिहिला असता. बोर्डावर आला असता."

"तुमच्या बोर्डाला नसेल दिसलं."

हे वाक्य माझ्या फार आत लागलं. मी चेअरमनना फोन केला. ते म्हणाले, "हे बघा, उद्या अधिकारी येणार. आकडा छान येतोय. आज काही उकरून काढू नका. एकदा दाखला हातात पडू द्या, मग भूत असो की उंदीर, बघू." मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटावं असं मला वाटत होतं. बायको म्हणाली, "सकाळी मीच जाऊन येते." पण सकाळी चहा उकळायच्या आत भोंगा वाजला. अधिकारी वेळेआधी आले होते.

सराव असा होता. भोंगा झाला की सगळ्यांनी जिन्याने खाली यायचं, येता येता आपल्या घराचा आकडा शून्य करायचा. खरं वाटावं म्हणून त्यांच्या माणसांनी तिसऱ्या मजल्यावर धूर सोडला होता, दाट, पांढरा, सावकाश वर चढणारा. आम्ही नाकाला रुमाल लावून उतरलो. अंगणात सगळी इमारत जमली, कुणी टॉवेलवर, कुणी दात घासता घासता. दातांचे डॉक्टर दात न घासता आले होते, हे मी लक्षात ठेवलं.

बोर्डावर आकडा उतरत होता. चाळीस. बावीस. नऊ. लोक एकेका आकड्याला टाळ्या वाजवायला लागले. तीन. एक. आणि मग शून्य. माझा ऊर भरून आला. आमच्या खात्यात असा स्वच्छ आकडा कधी निघत नाही.

अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं. "उत्तम," ते म्हणाले. "आता हे महत्त्वाचं, सगळ्यांनी ऐका. खऱ्या आगीत मी दारात येऊन आधी हा बोर्ड बघणार. आकडा असेल तर माझी माणसं वर जाणार. शून्य असेल तर जाणार नाहीत. रिकाम्या घरासाठी मी माझा माणूस आगीत पाठवत नाही."

त्यांनी दाखला गुडघ्यावर ठेवला. अंगणात शांतता पसरली होती, आणि त्या शांततेत वरून ऐकू आलं.

टक टक. टकटकटक. ठिंग.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. सहाव्या मजल्याची खिडकी बंद होती. जिन्याच्या जाळीतून धूर तिच्या दिशेने निघाला होता.

"पाइप," चेअरमन म्हणाले. कुणीच मान डोलावली नाही.

"अहो," बायको म्हणाली.

खरं सांगायचं तर मी एकदा पेनाकडे पाहिलं. सही व्हायला दोन क्षण लागले असते. मग मला ती काल लागलेली कडी ऐकू आली. मी इतका घाबरलो होतो की पलीकडचं माणूसही घाबरलेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"वर माणूस आहे," मी ओरडलो आणि आत पळालो. मागून अधिकारी "थांबा!" म्हणाले. माझ्यासारख्या माणसाला कुणी थांबा म्हटलं की तो थांबतोच. त्या दिवशी कसा थांबलो नाही कोण जाणे.

तिसऱ्या मजल्यावर काही दिसेना. कठडा धरून चढलो. चौथा. आमचा पाचवा. त्यापुढे धूर आणि माझा काळोख एकत्र झाले होते. भिंत चाचपत मी दारापाशी पोचलो. टकटक अजून चालू होती, पण कालची लय नव्हती. आता कुणीतरी एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होतं.

मी दार वाजवलं. टकटक थांबली.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"पाचव्या मजल्यावरचा," मी म्हणालो.

"तो मोजणारा?"

"हो."

"मग मला मोजलंत का?"

मी खोकलो. धुरामुळे, असं मी नंतर लोकांना सांगितलं.

एक कडी निघाली, मग दुसरी. बाई दारात उभ्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला ओला पदर. उंबऱ्याशी ओला टॉवेल अंथरला होता. मागे टेबलावर त्यांचा जुना मराठी टाइपरायटर होता. बाई नोकरीभर मराठी टंकलेखिका होत्या, ऑपरेशननंतर बोटं विसरू नयेत म्हणून रोज संध्याकाळी दोन पानं टाइप करत. भाचीने त्यांना एका दुपारी, इमारत कामावर गेलेली असताना, प्रत्येक मजल्यावर बसवत बसवत वर आणून सोडलं होतं आणि आठवड्याचं सामान भरून ठेवलं होतं.

"पॅसेजमधला दिवा गेलाय," त्या म्हणाल्या. "अंधारात कुणीतरी येऊन दार वाजवतं. काल मी दुसरी कडी लावली. आज भोंगा झाला, दार उघडलं तर धूर. या डोळ्यांनी जिना दिसेना. म्हटलं यंत्र बडवत राहावं, कुणाला तरी ऐकू जाईल." त्यांनी फोन पुढे केला. "आकडा मात्र रोज न चुकता लिहिते हो. आत्तासुद्धा लिहिला. हे बघा."

चौकोनात एक होता. मराठी एक. सगळा जन्म ज्यांनी मराठी कळांवर काढला त्या बाईंनी फोनवरही मराठी कळाच ठेवल्या होत्या, आणि माझ्या प्रोग्रॅमला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. आपला एक समोर आला की त्याला त्यात आकडा दिसतच नव्हता. त्याने बिचाऱ्याने तीन अक्षरांत तसं सांगितलंही होतं, की इथे काहीतरी आहे आणि मला ते समजत नाही. शून्य मी म्हणालो होतो.

मी त्यांचा हात धरला. धुरात पहिली पायरी उतरताना माझ्या लक्षात आलं की मघाशी खाली जाताना मी आमच्या घराचाही आकडा शून्य केला होता. म्हणजे खालच्या बोर्डाच्या हिशेबी आत्ता या जिन्यावर कोणीच नव्हतं. मी पायरीवरच थांबलो. बाई म्हणाल्या, "घाबरू नका, मी धरलंय तुम्हाला." दोन वळणं उतरलो तेव्हा समोरून बॅटऱ्या घेतलेली अग्निशमनची माणसं येताना दिसली. बोर्ड शून्य दाखवत असताना ती वर चढली होती, बायकोने अधिकाऱ्यांची बाही धरून ठेवली होती म्हणून.

दाखला अर्थातच मिळाला नाही. कारणाच्या रकान्यात अधिकाऱ्यांनी काय लिहिलं ते चेअरमननी मला दाखवलं नाही, आणि ते माझ्याशी जिन्यात बोलणंही टाळतात. लिफ्टचं सील अजून तसंच आहे. मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता त्याला मराठी आकडे कळतात. जे कळत नाही त्याच्या जागी मी शून्य घालत नाही. मोठ्या अक्षरांत घराचा नंबर येतो आणि पुढे लिहून येतं, "वर जाऊन दार वाजवा." दातांचे डॉक्टर म्हणाले, आधी "कृपया" घाला. घातलं. सहाव्या मजल्यावरचा दिवा आता दिवसरात्र जळतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी टकटक सुरू होते आणि आम्ही दोघं ऐकत बसतो. काल ती मध्येच थांबली. ठिंग झालंच नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. खाली बोर्डावर सहाव्या मजल्यापुढे एक असणार, हे मला न उतरताही ठाऊक होतं. आकडा बरोबर होता, नीट तपासलेला होता, स्वतःशी जुळणारा होता. मी चप्पल घातली आणि वर गेलो.

दार वाजवलं. दिवा डोक्यावर लख्ख जळत होता, दाराखाली उजेडाची रेघ होती, आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. मी पुन्हा वाजवलं.

"कोण आहे?"

"मी आहे, बाई," मी म्हणालो. माझा आवाज त्यांच्यापेक्षा जास्त कापत होता. "मोजायला आलोय."